शेडच्या जागेचं मुखत्यारपत्र

अहो,

पहिल्या बसने भोकरदनला वकीलबाईंकडे चालले. भाकरी टोपल्यात आहेत, पिठलं तेवढं गरम करून घ्या.

काकासाहेब दुपारी सह्या घ्यायला येतील. त्यांना चहा पाजा, माझ्या वतीने शब्द मात्र देऊ नका. मोसंबी निवडायच्या शेडचा भागीदारी करार मी दोनदा वाचला. जागा माझी, मशीन त्यांची, नफा निम्मा-निम्मा. ते बराबर आहे. सही करून कागद टीव्हीखाली ठेवलाय.

करारासोबतचं मुखत्यारपत्र मी वकीलबाईंकडे नेतेय. ऑफिसच्या चकरा वाचाव्यात म्हणून ते काकासाहेबांच्या नावाने करायचं, असं तुम्ही म्हणाला होतात. पण आत जागा विकायचा अधिकारही त्यांना लिहून दिलाय. मंग माझ्या वडिलांनी दिलेली जागा मला न विचारता विकता येईल, तेही कायद्यात बसवून. आणि माझी सही व्हायच्या आधीच साक्षीदार म्हणून तुमची सही झालेली दिसली. वाचायचं राहिलं असेल.

मुखत्यार लागतोच, तर तुम्हाला नेमते. मीटर, परवानग्या, मोजणी, सगळं बिनधास्त करा. विकायचं कलम तेवढं तुमच्याही कागदात राहणार न्हाई.

अर्पिता