कजरीचा पट्टा

बाबा,

मी आणि नीरज गुरसरायला लग्नाला चाललोय, उद्या येऊ. कढी-भात झाकून ठेवलाय.

दूध काढायचं मशीन रोज माझ्या मोबाईलवर कुरकुरतंय की कजरीचं दूध निम्मंच येतंय. मी डॉक्टर भैयांना बोलावणारच होते. मग काल पहाटे गोठ्यात आले, तर तुम्ही तिच्यापाशी उकिडवे बसून धार काढत होतात आणि ती निवांत रवंथ करत होती. तशीच मागे फिरले. तुमच्या लेकाला यातलं काही बोलले नाही.

आज तिच्या गळ्यातला पट्टा मी काढलाय. मशीन पट्ट्यावरूनच जनावर ओळखतं; पट्टा नसला की ते तिला आत घेत नाही, तेव्हा दोन्ही वेळची धार आता तुमच्याकडेच.

भुशाच्या पोत्यांमागची तुमची धारेची कासंडी घासून ओट्यावर ठेवलीय.

मयुरा