टँकर आणि अण्णांचा वाद

मंगळवार, चऱ्होली

आज अण्णांचं तेरावं. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि टँकर सांगायला मीच विसरले.

आमच्या गल्लीत नळ अजून आलेला नाही. अण्णा म्हणायचे, "सरकार हवंच कशाला? टँकरवाला भाव ठरवतो, शब्द पाळतो. माणसं आपापसात भागवतात." मी भांडायचे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं काय प्यायचं? अण्णा नुसते हसायचे.

सकाळी टँकर आला. न सांगता. पैसे पुढे केले तर टँकरवाला म्हणाला, "आज न्हाई ताई. अण्णांच्या घरचं पाणी हाय."

मग वाद जिंकला कोणी? सरकार लागलं नाही, पण भावही घेतला नाही. हे अण्णांच्या बाजारात बसतं का? टँकर वळणाआड गेला. अण्णांना विचारायला मागे वळले, तर खुर्चीत त्यांचा फोटो.