चार बोटे

शनिवार, २० ऑगस्ट १९३८

पावसाने उच्छाद मांडलाय! काल दीड इंच, आज पुन्हा पाऊण. विमानाचे मैदान म्हणजे नुसता काळ्या मातीचा राडा. आणि नेमके सोमवारी मोठे साहेब मुंबईहून तपासणीला येणार. मैदानावर माझ्या हाताखाली माणूस एकच — रुपराव. आठवडाभर त्याच्या मागे लागलोय, सगळे नवे दिसले पाहिजे म्हणून. त्याने कडेचे दगड चुन्याने रंगवले, वाऱ्याची दिशा दाखवायची पिशवी धुतली, जमीन पारखायची लोखंडी पहार, आमची सब्बल, तीसुद्धा चकाचक करून आणली. इमानी गडी!

पुष्पीचा घसा दुखतोय. हळद-दूध दिले.

सोमवार, २२

साहेब आलेच नाहीत. रूळ वाहून गेले, मुंबईची गाडी बंद. एवढी धावपळ वाया!

पण आता तपासणीचे कोणाला पडलेय. गोपाळराव डॉक्टरांनी दिवा धरून पुष्पीचा घसा पाहिला. बाहेर येऊन म्हणाले — घटसर्प. गावातली इंजेक्शने संपलीत. त्यांनी मुंबईला तार केली, औषध उद्याच्या टपालाच्या विमानाने निघेल. "वेळेवर मिळालं तर पोरगी आपली." आणि नाही मिळालं तर? मी विचारले नाही.

पाच वर्षांची आहे हो.

मंगळवार, २३

मैदान पारखायची आमची रीत जुनी, माझ्या आधीच्या बाबूंपासूनची. रुपरावने सब्बल छातीपर्यंत उचलायची, सरळ सोडायची. तीन जागी. चार बोटांपर्यंत रुतली तर जमीन पक्की. जास्त रुतली तर मधोमध पांढऱ्या कापडाची फुली अंथरायची. फुली दिसली की वैमानिक उतरत नाही.

आज साडेपाच, पाच, सहा.

फुली मी माझ्या हातांनी अंथरली. विमान आले, दोन घिरट्या घातल्या, औषध पोटात घेऊन परत गेले. डॉक्टरांना म्हटले होते, वरून टाकता नाही का येणार? म्हणाले, काचेच्या नळ्या आहेत, चुरा होईल.

घरी आलो तर पुष्पी कुजबुजत विचारते — "बाबा, आवाज आला. उतरलं का?" आमचे क्वार्टर मैदानाला लागूनच. तिला सगळे ऐकू येते.

बुधवार, २४

लख्ख ऊन. पुष्पीला पाणीही गिळवत नाही. रुपराव संध्याकाळी येऊन बसला. पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी तिला लाकडाचा नंदी करून आणलाय, चाकांचा. तिने शिंगांवरून बोट फिरवले. देवा, उद्या जमीन पक्की निघू दे!

गुरुवार, २५. पोळा.

कसे लिहू?

सकाळी आठला गेलो. मंगळवारपासून थेंब नाही. गवत कापणाऱ्या बेश्याची भरली बैलगाडी समोरून मैदान ओलांडून गेली, चाकांचा माग जेमतेम उमटला. मला वाटले, सुटलो! रुपरावने सब्बल सोडली. पाच. दुसरीकडे पाच. तिसरीकडे साडेचार. रुपराव बोटे लावून बसून राहिला, वर पाहीना. मग हळूच म्हणाला, "बाबूजी, चारच लिवा ना जी. कोण पाहून राहिलं?"

मी पाहिले आहे. दुसऱ्या गावी, तीन वर्षांपूर्वी. असेच कोणीतरी चार लिहिले होते. चाक रुतले, विमान उलटले, दोन माणसे जळाली. एकाच्या खिशात बायकोचे पत्र होते. गाडीचा माग काय सांगणार? लोखंड खोटे बोलत नाही.

फुली अंथरली.

विमान आले. एक घिरटी. गेले.

पुष्पीची आई रुख्मिणी अंगणात उभी होती. "दुसऱ्याचे लेकरं वाचवून राहिले तुम्ही! आपल्या लेकराले काहून मारता?" मेल्याहून मेल्यासारखे झाले. आता पुढचे विमान शनिवारी.

शुक्रवार, २६

पुष्पी गेली. पहाटे.

दुपारी मारबतीचा पुतळा गावाबाहेर जाळायला नेणारे लोक रस्त्याने ओरडत गेले — रोगराई घेऊन जा गे मारबत! रुख्मिणीने कानांवर हात ठेवले. नंदी अजून पुष्पीच्या उशाशीच आहे.

रविवार, २८

कालच्या विमानालाही फुली. पाच बोटे. सवयीने गेलो, सवयीने लिहिले. चूल पेटली नाही. शेजारच्या प्रयागबाई भाकरी ठेवून गेल्या. मी खाल्ली — लाज वाटली, पण खाल्ली. मनाला एकच सांगतोय, मी खोटे लिहिले नाही. दुसरे काही उरलेच नाही सांगायला.

मंगळवार, ३०

आठ दिवस कोरडे! मातीला बारीक भेगा पडल्यात. सब्बल सोडली तर पाच बोटे. पुन्हा सोडली. पाच.

असे कसे?

सब्बल हातात घेतली. टोक सुईसारखे. रुपरावला विचारले. म्हणाला, "लोहाराकून टोक काढून आणली ना जी. पार बोथट झाली होती. तुम्हीच म्हणले होते, साहेब येऊन राहिले, सारं नवं दिसलं पाहिजे."

चार बोटांचा हिशेब बोथट सब्बलीचा.

माळ्याकडची जुनी बोथट सब्बल मागवली. रुपरावला पाण्याला पाठवले आणि मीच सोडली. अडीच बोटे. दुसरीकडे दोन. गुरुवारीही या सब्बलीने चारच्या आतच भरले असते. कदाचित मंगळवारीही.

रुपरावने परत येऊन विचारले, "काय झालं जी?" काही नाही म्हटले. त्याला सांगणार नाही. त्याने तिला नंदी करून दिला होता.