सगळ्यात पुढं पद्माबाई

१५ जानेवारी २००२, मंगळवार
तुळजा म्हणती, आज्जी, आधी तारीख. लिव मग. अक्षर नातीचं, बोल माझे. कुणाला वाचून दावायचं न्हाई.
बातमी अशी की बिदरला सिनेमाची शूटिंग हाय. कन्नड सिनेमा. त्यात देवीच्या जागराचा सीन, त्येला देवीची गाणी म्हणणाऱ्या खऱ्या आराधी बाया पायजेत. लग्नात बँडवाले पुरवणारा रामकिशन आज आमच्या खटकचिंचोळीत येऊन मेळा बघून गेला. मेळ्यात पुढं म्हणणारी मी. तीस वर्षं. माझ्या मागं सावित्रम्मा झील धरती. म्हंजे मी अख्खं गाणं म्हणायचं, तिनं ओळीची शेपटी धरून ओढायची. काम तेवढंच.
रामकिशन म्हणला, दोघीबी या. दोघीबी कामून?

१८ जानेवारी
ठरवलं. शूटिंग होईस्तोवर ताक बंद, आंबट बंद, सुंठगूळ चालू. दुसरं, सावित्रीवर जळायचं न्हाई. तशी मी कुठं जळायलीय? तिच्यापाशी हाय काय जळण्यासारखं? एक नवी नथ. ती बी जावयानं पुण्याहून आणलेली. वॉचमन हाय त्यो तिथं. नथ खोटीच असणार.

१९ जानेवारी
ताक पिले. सून मुद्दाम ताजं ताक करती. धनलक्ष्मी नाव ठेवून काय उपयोग, गुण पायजेत.
आज सावित्री नथ घालून दळणाला गेलती. दळणाला!

२२ जानेवारी
झाली शूटिंग. फर्स्ट क्लास.
देऊळ थर्माकोलचं, पण मूर्ती अशी की हात जोडल्याबिगर राहवंना. मळवट भरला, कवड्यांची माळ घातली, झांज घेतली. आमच्यासंगं बिदरकडच्या अजून धा-बारा बाया. ड्रेक्टर म्हंजे चष्मा लावलेलं पोरगं. सावित्री त्याच्याशी कन्नडात खुसखुसायली. तिचं माहेर दुबलगुंडी, तिकडं कन्नड जास्त. मलाबी येतंय कन्नड, पण मी उगं दावत न्हाई.
उभं राहताना त्यो पोरगा मला मागं या, मागं या करायला लागला. मी न्हाई हलले. पुढं म्हणणारीनं देवीच्या नाकासमोर उभं राहायचं, हा शिरस्ता हाय. सावित्री गेली गुमान मागं, पार दारापाशी. क्यामेरा बी तिथंच दारात, बायांच्या मागल्या अंगाला ठिवलता. बरंच झालं. देवीच्या अन माझ्या मधी लुडबूड नको.
मग म्हणले, हिरोईन दारातनं आली की समद्यांनी वळून बघा. समद्या वळल्या. मी कामून वळू? देवीला पाठ दावायची? ती पोरगी कोण लागून गेली?
अजून एक येडेपणा. नुसतं तोंड हलवा म्हणले, आवाज करू नका. गाणं म्हणं बेंगळूरची बाई मागनं म्हणणार. त्येला प्लेबॅक म्हणत्यात. तोंड एकीचं, गळा दुसरीचा. मी म्हणले, असलं खोटं काम आमच्यात न्हाई, अन मोठ्यानं सुरू केलं. तीनदा ‘कट’ म्हणून वरडले. मग दमून माइकच बंद केला त्येनी. माझ्या आवाजापुढं माइक कुठं टिकतोय.
येताना जीपमधी सावित्रीला म्हणले, मनाला लावून घेऊ नको, तुला मागं उभं राहावं लागलं. ती म्हणली, त्यात काय अक्का, जिची तिची जागा. गरीब हाय बिचारी.

५ फेब्रुवारी
सावित्री पाणी भरताना बायांना सांगायली की हिरोईननं तिच्या खांद्यावर हात ठिवला. माझ्या कामून न्हाई ठिवला? माझ्यापर्यंत पोचलीच न्हाई. मळवट बघून भ्याली असल.

१० मे
मेळ्यातल्या बाया फितूर झाल्यात. म्हणत्यात, औंदा नवरात्रात सावित्रक्काला पुढं म्हणू द्या, ती आता ॲक्टर हाय. अन मी कोण?
मी सरळ सांगितलं, सिनेमा येऊ द्या. पडद्यावर जिचं तोंड दिसल तीच नवरात्रात पुढं. दुसरीनं झील धरायची, कुरकुरायचं न्हाई. देवीची आण घेतली. सावित्री म्हणायली, नको अक्का, असलं कशाला? तिचं तोंड उतरलं. भ्याली.

२० सप्टेंबर
आला! भालकीच्या टॉकीजला. परवा समद्या जाणार. निळं लुगडं काढून ठिवलं. माझं तोंड आलं की फोडायला नारळ घेतला. धनलक्ष्मी म्हणली, अत्या, टॉकीजमधी नारळ फोडू देत न्हाईत. हिला काय कळतंय.
सावित्रीचं नाव मनात बी काढलं न्हाई आज. दोनदाच काढलं.

२२ सप्टेंबर
लिवायचं न्हाई म्हणत होते. तुळजा सोडंना.
दारातनं हिरोईन आली अन सावित्रीचं तोंड. बैलगाडीएवढं. नथ नांगरासारखी. हिरोईननं खांद्यावर हात ठिवला, सावित्रीनं तिचं डोळं पुसलं. एवढं पुसायचं कुणी सांगितलतं? पोरं शिट्ट्या मारायली. त्या मीच सांगून ठिवलत्या, माझ्यासाठी.
मी न्हाई. कुठंच न्हाई.
तवर सावित्रीच अंधारात उठून वरडली, ती बघा, ती बघा आमची पद्मक्का! लांब, देवीपाशी, एक पाठ. चोळीला सेफ्टी पिन. मागच्या रांगेतनं कुणी तर म्हणलं, पाठीवरनं कसं वळखलं गं? ती म्हणली, तीस वर्षं हीच पाठ बघत झील धरली, वळखणार न्हाई व्हय?
पिन धनलक्ष्मीनं लावलती. चूक तिची.
नारळ परत आणला. चटणी केली.

५ ऑक्टोबर
माझा घसा बसलाय, औंदा नवरात्रात जमणार न्हाई, असा निरोप धाडला. सावित्री सुंठ घेऊन आली. म्हणली, अक्का, आण मोडू, तूच म्हण. दया दावायली मला! मी खडखडीत आवाजात म्हणले, देवीची आण हाय, मोडत नसती. तिला घसा बरा दिसला.

७ ऑक्टोबर, सोमवार
घट बसले.
सावित्री देवीच्या नाकासमोर. मी मागं. तिची पाठ पहिल्यांदाच बघितली. खांदा एका अंगाला झुकलाय तिचा, हे मला ठाऊक नव्हतं.
पहिली ओळ म्हणली तिनं. बरी म्हणली. मग थांबली. शेपट्याच ओढल्यात जन्मभर, मधलं गाणं कुठनं येणार? संबळवाला त्येच घाव परत परत वाजवायला लागला. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी वर आढ्याकडं बघितलं. लई बरं वाटलं. थोडा येळ.
मग तिची झांज नुसतीच किणकिणायला लागली. मी मागनं ओळ धरली. तिनं तोंड हलवलं. पुढची बी तशीच. समदी गाणी तशीच. एकदा बी ‘कट’ न्हाई.
प्रसाद घेताना बाया तिच्याभोवती. सावित्रक्का, काय गळा गं! इतके दिवस कुठं दडवून ठिवलता?
सावित्री माझ्याकडं बघायली.
मी म्हणले, मागं होता.
समद्या हसल्या. तिला आजून एक पेढा दिला.