पप्पांची गाडी जास्त युरिया का पिते

३ फेब्रुवारी, सोमवार

मी नोकरी करते त्या मोटार कंपनीविरुद्ध पप्पांनी तक्रार केली आहे. लेखी! दोन पानं, समास सोडून, खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून तीन नावं. तिसरं माझं. कर्वेनगरच्या एकाच फ्लॅटमध्ये राहतो आम्ही, पण मला पत्र पोस्टानं!

तक्रार अशी — मी कंपनीच्या कोट्यातून घेऊन दिलेली डिझेल गाडी युरिया फार पिते. (या गाड्यांत धुरातले विषारी वायू मारायला युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते.) खालच्या मजल्यावरच्या केदारकडे हीच गाडी, हाच रंग. त्याची टाकी एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत आरामात पुरते. पप्पांची दर तीन महिन्यांनी कोरडी.

"एकतर गाडीत दोष आहे नाहीतर कंपनीत," पप्पा म्हणाले. मी म्हटलं, तिसरी शक्यता ड्रायव्हर.

८ फेब्रुवारी, शनिवार

गाडीला लॅपटॉप जोडून पप्पांच्या शेजारी बसले. वारज्यापर्यंत आणि परत.

बावीस वर्षं पीएमटीत बसड्रायव्हरांना शिकवलेला माणूस. एसी बंद. ("खिडकी कशाला दिलीय?") पंधराला दुसरा गिअर, तीसला तिसरा, पन्नासला चौथा. काटा बघून! मागून रिक्षावाले बोंबलत होते. "वाजवू दे हॉर्न. बॅटरी त्याची आहे."

आकडे बघून मात्र मी लॅपटॉपची वायर काढून पुन्हा जोडली. इतका स्वच्छ धूर मी फक्त आमच्या लॅबमध्ये बघितलाय. रस्त्यावर कधीच नाही.

मग केदारची गाडी मागून घेतली, त्याच्यासारखीच चालवली. एसी फुल्ल, गाणी, सिग्नल सुटला की सुसाट. विषारी वायू नऊपट. दोनदा मोजले. नऊपटच.

९ फेब्रुवारी

रविवार. मटण झकास झालं होतं. डोक्यात नऊपट.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं!!

तीन वर्षं मी याच इंजिनाच्या सॉफ्टवेअरवर काम करते, आणि ही फाइल एकदाही उघडली नव्हती. नाव कसलं साळसूद — 'पार्ट संरक्षण'. आत काय? एसी बंद असेल, वेग हळूहळू वाढत असेल, गिअर अमुक वेगालाच पडत असतील, तर युरिया पूर्ण सोडा. नाहीतर नावापुरता.

आणि हे वर्णन कशाचं? सरकारी चाचणीचं! लॅबमध्ये रोलरवर गाडी अशीच चालवतात. म्हणजे गाडीला कळतं, परीक्षा चालू आहे. तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागते. पेपर सुटला की आहेच मोकाट.

आणि अख्ख्या पुण्यात रोज परीक्षेसारखी गाडी चालवणारा माणूस एकच. आमचे पप्पा!

कॅन्टीनमध्ये एकटीच खो-खो हसले. मग हिशेब केला आणि हसू गेलं. अडतीस हजार गाड्या विकल्यात आम्ही. पीयूसीवाल्यालाही पत्ता लागायचा नाही, तो काळा धूर मोजतो आणि हा वायू दिसतच नाही. संध्याकाळी कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला डोळे चुरचुरायला लागले. रोजच चुरचुरतात. आज पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विश्वजीत सरांना सांगितलं. माझे बॉस. वाटलं होतं हादरतील, निदान दार तरी लावून घेतील.

"वा! गुड कॅच!" म्हणाले.

त्यांनी फाइल स्क्रीनवर उघडली.

"म्हणजे आपली अट फार ढिली आहे. तुझ्या वडिलांसारखी माणसं त्यात अडकतात. ती घट्ट कर. रोलरवर गाडीचं स्टिअरिंग फिरत नाही, रस्त्यावर फिरतंच. तेवढं टाक आत."

मी चोरी दाखवायला गेले होते. त्यांनी मला कुलूप दुरुस्त करायला बसवलं!

मग आवाज खाली आणून — "अठ्ठावीसला नव्या मॉडेलचा अहवाल सरकारी तपासणीला जातोय. सही तुझी. एप्रिलपासून टीम लीड तू. आपण एक टीम आहोत ना, अपेक्षा?"

हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. नाही म्हटलं तर उद्यापासून दुसरी नोकरी शोधायची, आणि या शहरात गाडी कंपन्यांतले सगळे एकमेकांना ओळखतात.

१७ फेब्रुवारी

अट टाकली. स्टिअरिंग फिरलं की युरिया नावापुरता. वीस मिनिटं लागली. मध्ये उठून चहासुद्धा घेतला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नवं सॉफ्टवेअर पप्पांच्या गाडीत घातलं. सर म्हणाले होते, तक्रार लेखी आहे, आधी ती मिटव. पप्पा पार्किंगमध्ये हात मागे बांधून उभे. परीक्षकच.

"काय बदललंस?"

"सॉफ्टवेअर."

"म्हणजे दोष होता."

"हो, पप्पा."

"बघ!"

इतकं खूश मी त्यांना माझ्या निकालाच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी

सही केली. टीमनं केक आणला होता. अननसाचा. मला अननस आवडत नाही, तरी दोन तुकडे खाल्ले.

२३ मार्च, रविवार

युरियाचा काटा हलेना म्हणून पप्पा हवेत आहेत. रोज खाली जाऊन बघून येतात. विहारात सांगून झालं, भाजीवाल्याला सांगून झालं, केदारला तर दोनदा. "माझ्या मुलीनं एका सकाळीत दुरुस्त केली!"

आई म्हणाली, "अगं, तुझं कौतुक चाललंय आणि तुझं तोंड का असं?"

काय सांगू? पुण्यातली एकुलती एक धुतल्या तांदळासारखी गाडी होती. ती मी बिघडवली. स्वतःच्या बापाची. वर शाबासकी घेतेय. मला माझाच राग येतो, आणि मग ऑफिसची बस येते आणि मी जाते.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पप्पा पांढऱ्या शर्टात, कडक इस्त्री. भेटेल त्याला 'जय भीम' आणि लगेच पुढे "ही आमची इंजिनिअर, आता टीम लीड झाली". आठ ठिकाणी लाडू खाल्ले.

१५ एप्रिल, मंगळवार

मेले.

पप्पांचं पत्र पेपरात आलंय. वाचकांच्या पत्रव्यवहारात, चौकटीत! तक्रार नाही. आभार!

'तक्रारी सगळेच छापतात, पण चांगले काम झाल्यास तेही लिहावे,' अशी सुरुवात. मग आकडे. पूर्वी सोळाशे किलोमीटरला पाच लिटर युरिया, आता अर्धा लिटर. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरून मोजलेला. शेवटी — 'ही किमया कंपनीतील अभियंता कु. अपेक्षा हिने केवळ सॉफ्टवेअर बदलून केली. हाच बदल सर्व ग्राहकांना मिळावा.'

आणि प्रत माहितीसाठी? गाड्या तपासून पास करणाऱ्या सरकारी संस्थेला. रजिस्टर्ड पोस्टानं. पावती दाखवली मला. युरिया दहापट कमी म्हणजे धूर मोकाट, हे त्यांना वाचताक्षणी कळणार.

सरांचे चौदा मिस्ड कॉल. मग मेसेज — 'वडिलांचं वय झालंय, मोजण्यात चूक झाली, असा दोन ओळींचा खुलासा दे. तुझ्या सहीनं. नाहीतर मी तुला वाचवू शकणार नाही.'

पप्पांची मोजण्यात चूक! बावीस वर्षं लोकांच्या चुका मोजल्या त्यांनी. मी खुलासा लिहायला घेतला. 'वडिलांचे' इथपर्यंत लिहिला. बाहेर ते कात्रण कापत होते, लॅमिनेट करायचंय म्हणे. कडा सरळ याव्यात म्हणून पट्टी लावून.

१६ एप्रिल

खुलासा तसाच. फोन बंद ठेवला. पोट बिघडलंय असं ऑफिसला मेलवर कळवलं.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी घरच्या नंबरवर फोन. तपासणी संस्थेतून, कुणी बाई होत्या. "तुमच्या वडिलांचे आकडे चुकलेत असं कंपनी म्हणते. खरं आहे का?"

"नाही. त्यांचे आकडे बरोबर आहेत."

"मग युरिया इतका कमी कशानं झाला?"

"मी कमी केला. चाचणी चालू असेल तेव्हाच तो पूर्ण सुटतो. सगळ्याच गाड्यांत तसं आहे."

पप्पा समोर पोहे खात बसले होते. 'मी कमी केला' ऐकून आईकडे बघून ऐटीत हसले, मग पुढचं ऐकून चमचा हातात तसाच राहिला. मी फोन ठेवला आणि म्हटलं, पप्पा, जरा ऐका.