बेडरूममधलं इंजिन

२ फेब्रुवारी
आजवर स्वतःच्या हातांनी केलेलं: क्रँककेस (घरातली ॲल्युमिनियमची पातेली वितळवून, वाळूच्या साच्यात, दुसऱ्या ओतात जमली). क्रँकशाफ्ट. दोन सिलिंडर, दोन पिस्टन, मधली फट फीलर गेजनं तपासलेली. एक्झॉस्ट, पत्रा वळवून. प्रोपेलर, कपाटाच्या फळ्यांचा. विकत आणलं ते फक्त बेअरिंग, प्लग आणि कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर मनासारखा नाहीच.
टू-स्ट्रोक, साडेतीनशे सीसी. एका माणसाचं हलकं विमान सहज उचलेल. माझ्या हिशोबानं दोघांचंही, पण दुसरं माणूस सध्या मुलीकडे आहे.

५ फेब्रुवारी
गॅरेज ओलसर. बेअरिंगला गंज नको म्हणून इंजिन बेडरूममध्ये, पलंगाच्या तिच्या बाजूला. तात्पुरतं. गेल्या वर्षापासून तात्पुरतं.
बायकोचा फोन. म्हणाली, अहो, ते धूड घराबाहेर गेलं की कळवा, मी त्याच दिवशी निघते. म्हटलं, जाईलच, आणि वरून जाईल, तू गच्चीत उभी राहा. तिनं विचारलं, जेवलात का? विषय बदलायची सवयच आहे तिला.

१४ फेब्रुवारी, सकाळ
संकल्प. एक: रोज तासभर इंजिन चालवणे. दोन: शेजाऱ्यांशी संबंध वाढवणे.
संध्याकाळ
चाललं अकरा मिनिटं, मग पिस्टन जाम. दोष पेट्रोलचा. दुसरा संकल्प आपोआप पार पडला. शेजारी स्वतःच आला, बराच बोलला.

२० फेब्रुवारी
पिस्टन घासून बसवला. पेट्रोलमध्ये ऑइल पन्नासाला एक घालत होतो, आता तिसाला एक. आधीचंही बरोबरच होतं. इंजिनाला पटत नव्हतं.
चाळीस मिनिटं सलग! टाळ्या वाजवल्या. अंगणात एकट्यानं वाजवल्या की फार मोठ्यानं ऐकू येतात.

२७ फेब्रुवारी, दुपार
गरम इंजिन ढकलगाडीवरून आत आणलं. धातू गार होताना बारीक टिकटिक करतो. त्याच्या शेजारी पलंगावर आडवा झालो. घरात कोणीतरी वावरतंय असं वाटलं. नोंद केवळ तांत्रिक.

८ मार्च
फ्लाइंग क्लबच्या प्रशिक्षकानं अखेर हो म्हटलं. पुढच्या रविवारी त्याच्या जुन्या विमानाला माझं इंजिन लावून जमिनीवर धाववून बघायचं. नीट चाललं तर क्लब ठेवून घेईल. म्हणजे घर मोकळं! बायकोला सांगितलं, रविवारनंतर कधीही ये. म्हणाली, बघू या. आवाजात आनंद होता. मला ओळखू येतो.

१५ मार्च, रविवार
पहिल्याच झटक्यात सुरू. मखमली आवाज. विमान मात्र मागे निघालं.
सुरू करायची दोरी अर्धवट ओढली गेली तर टू-स्ट्रोक कधीकधी उलटं फिरू लागतं. हे त्या जातीचं वैशिष्ट्य आहे, दोष नव्हे. आणि उलटंही इतकं गोड फिरणारं इंजिन मी दुसरं पाहिलेलं नाही. मेहुणा शेपटी धरायला आला होता. शेपटीच त्याच्या मागे लागली. विमान चहाच्या टपरीला टेकून थांबलं, तेव्हा धापा टाकत म्हणाला, भाऊजी, हे आपल्याला कालच्या तारखेला पोचवणार बघा. प्रशिक्षक उतरला आणि काही न बोलता गेला. थक्क झालेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत.
इंजिन परत बेडरूममध्ये. बायकोला कळवलं: चाचणी यशस्वी, दिशेचं किरकोळ काम बाकी.

१९ मार्च
मेहुण्यानं पाठवलं म्हणून एक लाकूड-गिरणीवाला आला. त्याला शेडमधला भुसा बाहेर उडवायला पंखा हवा आहे. पंखा! इंजिनाभोवती फिरला, म्हणाला, साहेब, उलटं फिरू दे नाहीतर सुलटं, आपल्याला वारा लागतो. आजच टेम्पो आणतो म्हणाला.
तेवढ्यात बायकोचा फोन. भावानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, बॅग भरून बसलेय, पाचच्या गाडीत जागा आहे, निघू ना? म्हटलं, घाई नको, अजून टायमिंग लावायचंय. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, गॅस आठवणीनं बंद करत जा.
गिरणीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. बावीस हजार देत होता, टेम्पोचं भाडं त्याचं.