शॉकप्रूफ

३ ऑक्टोबर १९५५, कामठा
मॅट्रिकला पुन्हा नापास. विषय पुन्हा इंग्रजी. पेपर तपासणाऱ्याचं इंग्रजी कच्चं असावं. बाबूजी म्हणाले, दिवाळीपर्यंत नोकरी बघ, नाहीतर धान कापायला चल. गिरजानं लगेच विळ्याला धार लावायला घेतली. बायकोचा विळा जास्त लागतो.

५ ऑक्टोबर
गोंदियाला चुन्नीलाल शेठच्या राइस मिलमध्ये जागा आहे. विजेची नवी मोटार आणलीय. हात लावला की झटका बसतो, म्हणून माणूस टिकत नाही. शेठला निडर आदमी हवाय. नोकरी पक्की समजावी. उपाय तेवढा सुचायचाय.

६ ऑक्टोबर, सकाळी
सुचला. सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या घड्याळावर बारीक अक्षरात लिहिलंय, शॉकप्रूफ. मास्तरांच्या डिक्शनरीत पाहिलं. शॉक म्हणजे झटका. प्रूफ हे विशेषण. ज्याच्यापुढे समोरच्याचं काही चालत नाही, असं. म्हणजे लग्नापासून हातात कवच बांधून हिंडतोय.
गिरजाला समजावलं. ती म्हणाली, "तुमी नोका जाऊ. धान कापू, मी येईन संगं."
तिला व्याकरण कळत नाही.

८ ऑक्टोबर
शेठला शब्दाचा अर्थ सांगितला. खूश. उद्या सगळ्यांसमोर मोटारीला हात लावायचा, मग नोकरी. उदाराम हमालानं बाजूला घेऊन विचारलं, "काऊन मरून राहिला भाऊ?" अडाणी आहे.
घरी आल्यावर जेवण गेलं नाही. भीती नाही. कोहळ्याची भाजी जड असते.

९ ऑक्टोबर, पहाटे
न जाण्याचं ठरवलं होतं. पण बाबूजी गावभर सांगून आलेत, आमचा लखन मिलमध्ये लागला. माझं नाव त्यांनी चारचौघांत घेतलं, ते पहिल्यांदाच. आता कसं सांगू? घड्याळावरचा शब्द पुन्हा पुन्हा वाचतोय. स्पेलिंग बरोबर आहे. गिरजाला न उठवता निघतो.

१२ ऑक्टोबर
आज बसता येतंय. त्या दिवशी मोटारीवर घड्याळाचाच हात ठेवला. हात सुटेना. ओरडायला गेलो, आवाजही सुटेना. उदारामनं बांबूचा फटका मारून सोडवलं. तांदळाच्या पोत्यांवर पडलो. शेठनं आधी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. म्हणाला, "घड़ी पक्की है. आदमी कच्चा है."
म्हणजे अर्थ मी बरोबरच लावला होता. विशेषण कोणाचं, एवढंच चुकलं.

१३ ऑक्टोबर
मिलमधून बाबूजींनीच बैलगाडीत घालून आणलं होतं, असं आज कळलं. वाटभर माझं डोकं मांडीवर धरून बसले होते म्हणे. मला आठवत नाही. त्यांना विचारायची सोय नाही.
दुपारी गिरजानं हाताला तेल लावलं. विचारलं, "दुखून राहिलं का?" मी नाही म्हटलं. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. ती तेल लावत राहिली.
तेल बहुतेक फार गरम होतं.